डबीच्या पाठीवरची अक्षरे

पहिल्यानेच कबूल करून टाकते. ज्या खोटेपणाविरुद्ध मी आज लिहावयास बसले आहे, त्यातली चार वाक्ये माझ्या हातची आहेत.

आमच्या गावात बायकांचा एक बचत गट आहे. पूर्वी त्या पापड-शेवया करीत. मग कुणी तरी त्यांच्या डोक्यात घातले, की पोटात जाणाऱ्या वस्तूंपेक्षा तोंडाला फासायच्या वस्तूंना दाम अधिक मिळतो; आणि ते खरेही आहे. एका दिवाळीला त्यांनी उटणे केले. ते हातोहात खपले. तेव्हा पुढल्या उन्हाळ्यात त्यांनी कोरफड आणि आंबेहळद यांचे मलम करायला घेतले. तालुक्याच्या गावी परवाना असलेला एक लहानसा कारखाना आहे. तिथे ते घोटून डब्यांत भरून घ्यायचे ठरले. कारखानदाराने विचारले, "टिकण्यासाठी काही घालायचं ना?" या सगळ्या एकमुखाने म्हणाल्या, "काही म्हणजे काही घालायचं नाही. आमचं सेंद्रिय आहे."

मग गटाच्या अध्यक्षबाई माझ्याकडे आल्या. "बाई, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. डबीवर काय छापायचं तेवढं लिहून द्या." कादंबरीकाराने अशा कामाला नाक मुरडावे अशी रीत आहे. मी मुरडले नाही. माझी शेवटची कादंबरी प्रकाशकाच्या गोदामात सहा वर्षे न विटता पडून आहे. ही डबी तर महिन्याभरात पाचशे घरांत जाणार होती. एवढे वाचक मला जन्मात मिळाले नव्हते. मी वहीचे पान फाडले आणि लिहून दिले : "आजीच्या हातचे. शंभर टक्के सेंद्रिय. रसायनाचा थेंबही नाही. तुमच्या त्वचेला भेटेल तो फक्त निसर्ग." बायका खूश झाल्या. मलाही शेवटचे वाक्य आवडले होते.

निसर्ग श्रावणात भेटला. डब्यांची झाकणे उघडली तर आत करड्या-हिरव्या बुरशीची वर्तुळे. काही डब्यांत तर बुरशीही दिसत नव्हती, नुसता आंबूस वास होता. आणि त्याच अधिक वाईट ठरल्या, कारण लोकांनी त्या वापरल्या. आमच्या शाळेतल्या सेविकाबाईंच्या गालावर आणि पापणीखाली पुळ्या उठल्या, पू झाला, पंधरा दिवस औषध घ्यावे लागले. तिने ती डबी माझ्या भरवशावर घेतली होती. "तुम्ही लिवलंय म्हणून घेतली बाई," एवढेच ती म्हणाली, आणि तेही तक्रार म्हणून नव्हे.

उरलेला माल फेकला गेला. गटाचे सतरा हजार रुपये बुडाले. दुसऱ्या खेपेला कारखानदाराने आपल्याकडचा एक कॅन दाखवला. शंभर किलोंत किलोभर घातले की माल दोन-तीन वर्षे हलत नाही, म्हणाला. या वेळी कुणी नाही म्हटले नाही. अध्यक्षबाई पुन्हा आल्या आणि ओट्यावर बसून जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "बाई, मजकूर तोच ठेवायचा ना?"

मी म्हणाले, "ठेवा."

हा लेख त्या एका शब्दाचे प्रायश्चित्त आहे, असे कुणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही. पण तेवढ्यासाठी मी तो लिहीत नाही. पुढे चार-सहा महिने मी मिळेल त्या दुकानात मिळेल त्या ‘सेंद्रिय’ डबीची पाठ वाचीत सुटले, तेव्हा माझ्या ध्यानात आले की माझी चार वाक्ये मुळी माझी नव्हतीच. मोठमोठ्या कंपन्यांच्या डब्यांवर, माझ्याहून पुष्कळ अधिक पगार घेणाऱ्या लेखकांनी लिहिलेली तीच वाक्ये छापलेली आहेत. आम्ही गावातल्या बायकांनी खोटे बोलायला बाजारात जाऊन शिकून घेतले होते.

माझे भांडण कशाशी नाही ते आधी सांगते, म्हणजे वाचकांचा गैरसमज होणार नाही. माझे भांडण टिकाऊपणा आणणाऱ्या द्रव्याशी नाही. पाणी जिथे आहे तिथे जंतू येतात. कोरफडीच्या गरात शंभरातले ९८-९९ भाग पाणीच असते. त्यात थोडी साखर, थोडे प्रथिन. याहून उत्तम शेत जंतूंना कुणी करून देणार नाही. त्यात दिवसातून दोनदा आपण बोट बुडवतो, डबी न्हाणीघरात ठेवतो, झाकण अर्धवट लावतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत पापण्यांना लावायच्या मस्कऱ्यात जंतू वाढून बायकांच्या बुबुळांना जखमा झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहे. जंतू मारणारे द्रव्य नसेल तर मलम हे मलम राहत नाही, विरजण होते. सेविकाबाईंच्या पापणीने मला हे शिकवले.

आमच्या आजीला ही अडचण का आली नाही, याचा मात्र विचार करण्याजोगा आहे. ‘आजीच्या हातचे’ असे आपण जे छापतो, त्या आजीने मलमाची डबी कधी विकली नाही. तिचे उटणे म्हणजे नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, आंबेहळद, चंदन, मसुराचे पीठ; सगळे उन्हात खडखडीत वाळवून कुटलेले आणि वस्त्रगाळ केलेले. पाणी नाही, तेव्हा जंतूही नाहीत. अभ्यंगाच्या पहाटे त्यात दूध कालवायचे, अंगाला लावायचे, आणि वाटी विसळून पालथी घालायची. आयुर्वेदालाही हे पक्के ठाऊक होते. स्वरस, काढा, हिम, फांट ही पाण्याची औषधे ताजी करून ताजीच घ्यायची. टिकवायची असतील ती चूर्णे, तेले, तुपे. पातळ औषध टिकवायचेच असेल तर त्याचे आसव करायचे, म्हणजे त्यात आपोआप मद्य तयार होऊन तेच त्याला राखते. आणि आजही द्राक्षासवाच्या बाटलीवर आतल्या मद्याचे प्रमाण छापलेले असते. कुणी ते लपवीत नाही, आणि त्यामुळे द्राक्षासवाचा खप कमी झाल्याचेही मी ऐकलेले नाही. लोणच्यात मीठ असते हे लोणचेवाली सांगते. मुरांब्यात साखर असते हे काही गुपित नव्हे. टिकवण्याची विद्या आपल्या स्वयंपाकघरात जुनी आहे. ती चोरून करण्याची रीत तेवढी नवी.

म्हणजे टिकाऊ द्रव्य हवे कुणाला? चेहऱ्याला ते नको आहे. ते हवे आहे गोदामाला, मालमोटारीला, दुकानाच्या फळीला. तीन वर्षे फळीवर बसायचे असेल तर ते घालावेच लागेल. घाला की! पण मग फळीवर बसणाऱ्या वस्तूला आजीचे नाव देऊ नका.

आता त्या शब्दाकडे वळते. शब्द हा माझ्या धंद्यातला माल आहे, तेव्हा त्याची भेसळ मला अधिक बोचते.

‘सेंद्रिय’ या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ नांदतात. शाळेच्या पुस्तकातला अर्थ रसायनशास्त्राचा. पूर्वी समजूत अशी होती, की सजीवांच्या शरीरात होणारी द्रव्ये माणसाला करता येत नाहीत. १८२८ साली व्होलर या जर्मन शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत युरिया करून दाखवला आणि ती समजूत ढासळली. तेव्हापासून सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगे. या अर्थाने पॅराबेन सेंद्रिय आहे, फेनॉक्सिएथॅनॉल सेंद्रिय आहे, आणि रॉकेलही सेंद्रियच आहे. दुसरा अर्थ शेतीचा : रासायनिक खत आणि कीटकनाशक न वापरता काढलेले पीक. हा अर्थ पिकाला लागू पडतो. मलम हे पीक नव्हे. त्यातली कोरफड सेंद्रिय असू शकेल, तीळ सेंद्रिय असू शकतील; पण पाणी सेंद्रिय कसे असेल? आणि टिकाऊ द्रव्य कुठल्या शेतात उगवले?

कायद्याने या शब्दाला कुंपण घातले असेल अशी माझी भाबडी समजूत होती. आपल्या देशात सेंद्रिय पिकासाठी २००१ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. सेंद्रिय अन्नासाठी २०१७ चे नियम आहेत आणि ‘जैविक भारत’ ही मोहोर आहे. शेतकऱ्याला ती मोहोर हवी असेल तर तपासण्या, नोंदवह्या, शेत पालटण्याच्या मुदती, सगळे सोसावे लागते. सेंद्रिय तूरडाळ विकणाऱ्याला एवढा जाच. आणि त्याच डाळीचे पीठ करून त्यात पाणी आणि पेट्रोलपासून केलेले द्रव्य कालवून ते ‘सेंद्रिय लेप’ म्हणून विकणाऱ्याला मात्र यातले काही नाही. सौंदर्यप्रसाधनांसाठी २०२० साली स्वतंत्र नियम झाले, पण ‘सेंद्रिय’ कशाला म्हणावे याची व्याख्या त्यांत मला सापडली नाही. अमेरिकेतही प्रसाधनांवर देखरेख करणारे खाते या शब्दाची व्याख्या करीत नाही. कॅलिफोर्निया राज्याने तेवढा २००३ मध्ये नियम केला, की सेंद्रिय म्हणून विकायच्या प्रसाधनात निदान ७० टक्के घटक सेंद्रिय असावेत.

युरोपातल्या काही प्रमाणपत्र-संस्थांनी एकत्र येऊन ‘कॉसमॉस’ नावाची एक कसोटी ठरवली आहे. ती बरीच कडक आहे, आणि तरी ती वाचण्याजोगी आहे. त्या कसोटीनुसार बेंझॉइक आम्ल, सॉर्बिक आम्ल, सॅलिसिलिक आम्ल, डीहायड्रोअॅसिटिक आम्ल, त्यांचे क्षार, आणि बेंझिल अल्कोहोल ही कारखान्यात केलेली द्रव्ये सेंद्रिय मलमात चालतात. का चालतात? तर त्यांशिवाय मलम टिकत नाही म्हणून. बेंझॉइक आम्ल पहिल्यांदा मिळाले ते लोबानापासून, ज्याचा धूप आपण घरात फिरवतो. आज ते टोल्युइनपासून करतात, आणि टोल्युइन खनिज तेलापासून निघते. सॉर्बिक आम्ल १८५९ साली युरोपातल्या रोवन नावाच्या झाडाच्या कच्च्या फळांत सापडले, आजचे कारखान्यातले. रेणू तोच, घराणे वेगळे. अत्यंत प्रामाणिक संस्थेलाही जिथे ही सूट द्यावी लागते, तिथे ‘रसायनाचा थेंबही नाही’ हे वाक्य कोणत्या तोंडाने छापायचे? मी छापले होते, म्हणून विचारते.

याच कसोटीची आणखी एक गंमत. पाणी सेंद्रिय धरत नाहीत. पण गुलाबाच्या किंवा लव्हेंडरच्या अर्काचे पाणी, फुले सेंद्रिय असली तर, बऱ्याच ठिकाणी हिशेबात धरता येते. तेव्हा साध्या पाण्याऐवजी फुलांचे पाणी घातले की टक्का भराभर चढतो. दुधात पाणी घालणारा गवळी आमच्या गावात आहे. पाण्यात फूल बुडवून त्याचे दूध करणारा अजून यायचा आहे.

आता एक हकीकत सांगते. ती मला इतकी आवडली आहे, की कादंबरीत घातली असती तर वाचकांनी ओढूनताणून आणलेली म्हटली असती.

ग्रेपफ्रूट म्हणून एक फळ आहे, आपल्या पपनसाच्या गोतातले. त्याच्या बियांचा अर्क जंतू मारतो, असा बोलबाला झाला. झाडाचे, बियांचे, निसर्गाचे टिकाऊ द्रव्य! ‘रसायनमुक्त’ म्हणवणाऱ्या उत्पादकांना याहून काय हवे? ते ते अर्क घेऊन मलमांत घालू लागले, आणि डबीवर छापू लागले की आम्ही कृत्रिम काही घालत नाही, फळाच्या बिया घालतो. १९९९ साली जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी बाजारातले असे सहा अर्क आणून तपासले. सहांपैकी पाच अर्क जंतूंना खरोखरच मारीत होते. त्या पाचांतही बेंझेथोनियम क्लोराइड निघाले. ते कारखान्यातले, जंतुनाशकात वापरायचे रसायन. पाचांपैकी तिघांत त्याच्या जोडीला ट्रायक्लोसान आणि मेथिलपॅराबेनही होते. सहाव्या अर्कात काही मिसळलेले नव्हते. तो एकटा शुद्ध होता, आणि त्या एकट्यानेच एकही जंतू मारला नाही.

यात कदाचित मलम करणाराही फसला असेल. त्याने विश्वासाने बिया विकत घेतल्या, आणि बियांच्या नावाने पॅराबेन घरात आणले. पण त्याने एकदाही स्वतःला विचारले नाही, की हे इतके गुणकारी कसे? मी अध्यक्षबाईंना ‘ठेवा’ म्हणाले तेव्हा मीही कॅनमध्ये काय आहे ते विचारले नव्हते. न विचारण्यातला हा जो सोयीचा आळस आहे, त्यावर हा सगळा धंदा उभा आहे.

पुष्कळ जण म्हणतील, बाई, एवढे काय बिघडले? द्रव्य जर निरुपद्रवी आहे असे तुम्हीच म्हणता, तर डबीवर चार शब्द गोड लिहिल्याने कुणाचे काय गेले? याला उत्तर आहे, आणि ते माणसांच्या कातडीवर लिहिलेले आहे.

पॅराबेन ही द्रव्ये १९२० च्या दशकापासून औषधांत आणि मलमांत वापरात आहेत. २००४ साली इंग्लंडमधल्या एका संशोधनात स्तनांच्या २० गाठींचे नमुने तपासले, तेव्हा त्यांत पॅराबेन सापडले. त्यामुळे गाठी झाल्या, असे त्या संशोधनाने सिद्ध केले नव्हते. निरोगी भागाशी तुलनाही त्यात नव्हती. पण बाजाराला पुराव्याची घाई कधीच नसते. ‘पॅराबेन-मुक्त’ हे शब्द डबीडबीवर झळकू लागले. काही पॅराबेनांविषयी सावधगिरी रास्तच होती. युरोपने २०१४ साली पाच प्रकार बंद केले आणि दोन प्रकारांचे प्रमाण उतरवले. मेथिल आणि एथिल हे सर्वांत जुने दोन मात्र पूर्वीच्याच मर्यादेत चालू ठेवले. पण ‘मुक्त’ म्हणणाऱ्यांना प्रकारांशी कर्तव्य नव्हते. जागा रिकामी झाली, आणि रिकाम्या जागी कुणाला तरी बसवणे भाग होते.

बसवले कुणाला? मेथिलआयसोथायाझोलिनोन नावाच्या द्रव्याला. युरोपने २००५ साली ते एकटे वापरण्याची परवानगी दिली, दहा हजारांत एक भाग एवढ्या प्रमाणात. अत्यल्प वाटते, पण काही वर्षांत युरोपभरच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे खाजेने आणि चट्ट्यांनी भरलेली माणसे येऊ लागली. ओल्या रुमालांनी पुसलेली मुले, त्यांना पुसणाऱ्या आया. २०१३ साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेने या द्रव्याला त्या वर्षीचा ‘अॅलर्जन’ ठरवले. म्हणजे मानाचा नव्हे, तर बदनामीचा किताब. २०१७ पासून युरोपात अंगावर राहू द्यायच्या मलमांत ते घालायला बंदी आली आणि धुऊन टाकायच्या प्रसाधनांत त्याचे प्रमाण पुढे आणखी खाली आणले. आणि त्याच संस्थेने २०१९ साली पॅराबेनांना काय म्हटले? त्या वर्षीचा ‘अ-अॅलर्जन’! ज्या द्रव्याने फारसे कुणाला खाजवले नव्हते त्याला हाकलून, ज्याने हजारोंना खाजवले त्याला घरात घेतले. आणि हे सगळे डबीच्या पुढच्या बाजूला एक शब्द छापता यावा म्हणून.

हे झाले म्हणून म्हणते, की गोड शब्द निरुपद्रवी नसतात. ज्या बाईला एखादे द्रव्य सोसत नाही, तिला वाचवणारी एकच गोष्ट आहे : डबीच्या पाठीवरची खरी यादी. तिला ‘निसर्ग’ नको आहे. तिला नाव हवे आहे.

आणि ती यादी कशी असते ते पाहा. आपल्या नियमांप्रमाणे एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने द्यायचे. एक टक्का आणि त्याखालचे कसेही लावले तरी चालते. टिकाऊ द्रव्ये बहुधा एक टक्का किंवा त्याखालीच असतात. केशरही असते, चंदनही असते! तेव्हा केशर पुढे, चंदन त्यामागे, आणि फेनॉक्सिएथॅनॉल सर्वांच्या पाठीमागे दाटीवाटीत उभे. वस्तुतः ते केशराच्या शंभरपट असू शकेल. शिवाय ६० मिलिलिटरहून लहान बाटली असेल किंवा ३० ग्रॅमहून लहान डबी असेल, तर यादी दिली नाही तरी चालते. डोळ्यांखाली लावायची मलमे किती ग्रॅमची असतात, ते घरच्या फळीवर पाहून घ्यावे.

पण माझा खरा संताप याच्याही पुढे आहे. डबीची पुढची बाजू मराठीत असते. ‘शुद्ध’, ‘सात्त्विक’, ‘सेंद्रिय’, ‘परंपरा’; ठळक, वळणदार देवनागरीत. पाठीमागची यादी इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. म्हणजे भुलवायचे मातृभाषेत आणि खरे सांगायचे परभाषेत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई आहे. मुलांना मराठी शिकवते. मला त्या यादीतले एकेक नाव लावायला भिंग आणि संध्याकाळ लागली. आमच्या सेविकाबाईंनी काय करावे? तिला पुढची बाजू उत्तम वाचता येते. तिने वाचलीच होती.

‘जंतुनाशक-विरहित’ म्हणवणाऱ्यांची आणखी एक तऱ्हा आहे. ते जंतू मारणारे द्रव्य घालतात, पण यादीत त्याला दुसऱ्या कामावर लावतात. कॅप्रिलिल ग्लायकॉल हे म्हणे त्वचा मऊ राहण्यासाठी. फिनेथिल अल्कोहोल हे म्हणे सुवासासाठी. गुलाबाचा वास त्याचाच, हे खोटे नाही. त्याने जंतूही मरतात, हा योगायोग! युरोपने २०१९ पासून अंमलात आणलेल्या मार्गदर्शनात अशा ‘विरहित’ दाव्यांना चाप लावला आहे. आपल्याकडेही ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. निसर्गाच्या नावाचे मोघम दावे पुराव्यावाचून करू नयेत, असा त्यांचा आशय आहे. चांगले आहे. पण तीनशे रुपयांच्या डबीसाठी दिल्लीला अर्ज करणारी बाई मला दाखवा. अमेरिकेत २०१९ साली एका कंपनीने १७ लाख ६० हजार डॉलर भरून प्रकरण मिटवले. तिच्या काही वस्तूंत सेंद्रिय घटक नावालाही नव्हता असा सरकारी आरोप होता. कंपनीचे नावच ‘खरोखर सेंद्रिय’ अशा अर्थाचे होते.

राहता राहिला एक आक्षेप, आणि तो मला अध्यक्षबाईंनीच घेतला. मी त्यांना हे सगळे सांगायला गेले तेव्हा त्या भाकऱ्या थापीत होत्या. ऐकून घेतले, आणि म्हणाल्या, "बाई, तुमचं पटतं. पण मोठे सगळे तेच छापतात. आम्हीच खरं छापलं तर आमचीच डबी खोटी दिसेल." मी पुष्कळ पुस्तके वाचली आहेत, पण याहून चोख वाक्य मला आठवत नाही. शंभर खोट्यांच्या फळीवर एक खरी डबी ठेवली, तर गिऱ्हाइकाला वाटते की हिच्यातच काही तरी घातलेले आहे. या बायकांना मी दोष देत नाही. पाच हजार डब्यांचा जो मालक आहे, आणि पाच लाख डब्यांचा जो मालक आहे, त्यांचे पाप एका तराजूत तोलायचे नाही. दुसऱ्याच्या पदरी रसायनतज्ज्ञ आहेत, वकील आहेत. त्याला ठाऊक असते. त्याला ठाऊक असूनही तो ती वाक्ये छापतो, आणि मग आमच्या गावच्या बायकांना त्याच वाक्यांच्या मागे फरफटत जावे लागते.

तरी मी मजकूर नवा लिहून दिला. त्यांनी तो छापलाही. बहुधा माझी भीड मोडवली नाही म्हणून. "कोरफडीचा गर, तिळाचे तेल, आंबेहळद, पाणी. मलम खराब होऊ नये म्हणून यात फेनॉक्सिएथॅनॉल हे कारखान्यात केलेले द्रव्य शंभरात एक भागाहून कमी घातले आहे. खाज आली तर वापरू नका व डॉक्टरांना ही डबी दाखवा." सगळे मराठीत, आणि वाचता येईल एवढ्या अक्षरांत.

पुण्याच्या एका दुकानाने दोनशे डब्यांची मागणी दिली होती. माल पाहून त्यांनी फोन केला. वस्तू चांगली आहे, म्हणाले, फक्त दुसरे वाक्य काढा. अध्यक्षबाईंनी तो फोन माझ्या हातात दिला. मी विचारले, की द्रव्य काढू की वाक्य? तो गृहस्थ प्रामाणिक होता. म्हणाला, "द्रव्य कशाला काढता? वाक्य काढा."

डब्या परत आल्या. गावात आणि तालुक्याच्या बाजारात त्यांतल्या एकशे चाळीस खपल्या. साठ अजून आमच्या शाळेच्या कपाटात, नकाशांच्या गुंडाळ्यांखाली आहेत. मुदत संपायला पुष्कळ अवकाश आहे. एक सेविकाबाईंनी नेली. झाकण उघडून आधी वास घेतला, मग पाठ फिरवून सगळा मजकूर मोठ्याने वाचला, ‘फेनॉक्सिएथॅनॉल’पाशी तीनदा अडखळली, आणि पैसे मोजून दिले.